पुढचा नंबर कुणाचा?

वनडे मॅचमध्ये एका संघाला तीनशे चेंडू मिळतात. ते अकरा जणांत वाटायचे. बॅटिंग ऑर्डर ठरवणं म्हणजे खरं तर एवढंच. वाटप सारखं होत नाही, हे आमच्याकडे नंदुरबार-शहाद्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याचं भरणं आधी. टेलच्या माणसाला उरलं तर मिळणार. पाऊसपाणी बरं असलं की यावरून कुणी तोंड वाजवत नाही, भांडणं लागतात ती दुष्काळात. क्रिकेटचंही तसंच आहे. संघ जिंकत असतो तेव्हा तिसऱ्या नंबरला कोण आणि पाचव्याला कोण याची कुणाला पडलेली नसते. लागोपाठ तीन मॅच हरा, मग पानटपरीवरचा प्रत्येक माणूस सिलेक्टर.

हा विषय डोक्यात आला तो भाच्यामुळे. त्यांच्या टीमचं यंदा काही खरं नाही आणि कॅप्टन तो. "मामा, ओपनिंगला कोणाले धाडू?" असा फोन. मी टेनिस बॉलवर आठ-आठ ओव्हरच्या मॅचेस खेळलेला माणूस, तेही सातव्या नंबरवर. आठ ओव्हरमध्ये सातव्याचा नंबर लागतो कधी? उन्हात फिल्डिंग करायची आणि मग बाभळीखाली बसून दुसऱ्यांचे फटके मोजायचे. ज्याची बॅट तो ओपनर, हा आमचा नियम, आणि त्यात बदल करायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा भाच्याला सल्ला देण्याऐवजी म्हटलं, मोठ्या लोकांनी असल्या वेळी काय केलं ते लिहून काढू. (बाकीच्या नातेवाईकांनीही वाचायला हरकत नाही!)

चेंडूंचं वाटप चुकलं की काय होतं याचा नमुना अगदी सुरुवातीलाच सापडतो. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. तेव्हा साठ ओव्हरची मॅच असायची. इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या. आपल्याकडून सुनील गावसकर ओपनिंगला आला आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला. धावा ३६, चेंडू १७४! एकूण ३६० पैकी जवळजवळ निम्मे चेंडू एकट्याकडे. भारत ३ बाद १३२. सात विकेट हातात आणि २०२ धावांनी हार. त्या दिवसावरून गावसकरला लोकांनी आयुष्यभर टोमणे मारले. मला वाटतं दोष त्याच्यापेक्षा त्या काळच्या समजुतीचा जास्त होता. आपण कसोटीचीच ऑर्डर उचलून वनडेत ठेवली होती. तंत्र सगळ्यात पक्कं ज्याचं तो सगळ्यात वर, मारणारे खाली. कसोटीत ते बरोबरच आहे. पण इथे पाणी मोजून मिळतं, हे अजून अंगवळणी पडायचं होतं.

याच गावसकरने दहा वर्षांनी काय केलं ते मात्र फार कमी लोक सांगतात. १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट झाली. कॅप्टन गावसकर. त्याने स्वतःची ओपनिंगची जागा सोडली, श्रीकांतच्या जोडीला रवी शास्त्रीला पाठवलं आणि आपण मधल्या फळीत उतरला. जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठा ओपनर, वर कॅप्टन, म्हणजे बॅटही त्याचीच आणि बॉलही त्याचाच. पाकिस्तानविरुद्ध साखळीतल्या मॅचमध्ये वरचे तिघे झटपट गेले तेव्हा अझरुद्दीनबरोबर उभा राहून त्याने ५४ काढल्या. ओपनिंगला गेला असता तर त्या पडझडीत मागे सावरायला कोण होतं? १० मार्चच्या फायनलला श्रीकांत ६७, शास्त्री नाबाद ६३, पाकिस्तान आठ विकेटने गारद. शास्त्रीची ऑडी सगळ्यांना आठवते. ती ज्या जागेवरून मिळाली ती जागा कुणी रिकामी केली ते आठवत नाही.

आता वाडेकर. अजित वाडेकर म्हटलं की १९७१ चे दोन विजय आठवतात. पण आपला पहिला वनडे कॅप्टनही तेच. १३ जुलै १९७४, लीड्स. तिसऱ्या नंबरवर येऊन त्यांनी ६७ केल्या, ब्रिजेश पटेलने ८२, आणि २६५ करूनही आपण हरलो. वाडेकर एकूण दोनच वनडे खेळले. त्याच दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत ४२ वर ऑल आऊट झाला होता, कसोटी मालिका ०-३ गेली होती. परत आल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही काढलं आणि ते निवृत्त झाले. आजचा हिरो उद्या टेलला कसा जातो, हे या माणसाने स्वतः भोगलेलं होतं. पुढे नव्वदच्या दशकात ते भारतीय संघाचे मॅनेजर झाले.

१९९४ च्या मार्चमध्ये संघ न्यूझीलंडला. पहिली वनडे नेपियरला हरलो. दुसरी २७ मार्चला ऑकलंडला, ईडन पार्कवर. रविवार होता आणि आपल्याकडे धुळवड. (तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, धुळ्यातलाच एक तालुका, वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.) न्यूझीलंडचा दिवस आपल्या पहाटे सुरू होतो. अक्कलकुव्याकडे काठीची राजवाडी होळी पेटते ती पहाटेच. म्हणजे सातपुड्यात लोक रात्रभर नाचून होळी पेटवत होते साधारण त्याच सुमारास तिकडे ड्रेसिंग रूममध्ये सिद्धूची मान आखडली होती.

ओपनर सिद्धू खेळू शकत नव्हता. सचिन तोपर्यंत ६९ वनडे खेळलेला, चौथ्या-पाचव्या नंबरवर, आणि एकही शतक नाही. कसोटीत शतकांमागून शतकं आणि वनडेत शून्य! कारण साधं होतं. तो यायचा तेव्हा शिलकीत चेंडू उरलेलेच नसायचे. तो अझर आणि वाडेकरांकडे गेला आणि एक संधी द्या म्हणून अक्षरशः विनवण्या केल्या. नाही जमलं तर पुन्हा मागायला येणार नाही, असंही म्हणाला. हे त्यानेच नंतर बऱ्याचदा सांगितलंय. वीस वर्षांचा पोरगा. नाही म्हणायला कारणं भरपूर होती. मधल्या फळीतला सगळ्यात भरवशाचा माणूस नव्या चेंडूपुढे का घालवायचा? हे सगळे बोलले असतेच, आणि तो शून्यावर गेला असता तर दुसऱ्या दिवशी वाडेकरांचं काही खरं नव्हतं. दोघांनी हो म्हटलं.

न्यूझीलंड १४२ वर ऑल आऊट झालं होतं. सचिनने ४९ चेंडूंत ८२ मारल्या, १५ चौकार, २ षटकार. चोविसाव्या ओव्हरला मॅच खलास. आमच्या गल्लीत रंग खेळणारे मधेच येऊन विचारत होते, "कितला व्हयना?" आणि आकडा ऐकून आपल्याला येडं बनवतोय असं समजून परत जात होते.

नशिबाचा भाग यात किती? मान आखडली नसती तर? पण गंमत अशी की याच ईडन पार्कवर दोन वर्षांपूर्वी अगदी हेच घडलं होतं. १९९२ चा विश्वचषक, जॉन राईट जखमी, म्हणून मार्क ग्रेटबॅचला ओपनिंगला पाठवलं. पहिल्या पंधरा ओव्हर दोनच फिल्डर वर्तुळाबाहेर हा नियम होता आणि ग्रेटबॅच वरून वरून मारत सुटला. पुढे स्पर्धाभर न्यूझीलंडने तेच चालू ठेवलं. अपघात सगळ्यांकडे होतात, दुखापती तर रोजच्या. अपघातानंतरच्या मॅचला काय करायचं, हा खरा निर्णय. वाडेकर-अझरने सचिनला तिथेच ठेवलं. वेलिंग्टनला ६३, ख्राईस्टचर्चला ४०, मालिका २-२. पहिलं शतक आलं सप्टेंबरमध्ये कोलंबोला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. शेवटी हिशेब झाला तेव्हा ४९ वनडे शतकांपैकी ४५ ओपनर म्हणून.

एवढं पाठीशी असताना २००७ च्या विश्वचषकात त्याला पुन्हा चौथ्या नंबरवर नेलं. चॅपेल आणि द्रविड. चॅपेलला शिव्या घालणं सोपं आहे आणि मीही पुष्कळ घातल्या आहेत, पण तो अगदीच वेडा नव्हता. २००५ मध्ये नागपूरला इरफान पठाणला तिसऱ्या नंबरवर पाठवलं तेव्हा त्याने ८३ केल्या आणि आपण सगळे टाळ्या पिटत होतो. चौथ्या नंबरवर सचिनने विश्वचषकाच्या आधी, जानेवारीत, वडोदऱ्याला नाबाद शतकही काढलं होतं. संथ खेळपट्टीवर मधल्या ओव्हरमध्ये जाणता माणूस हवा, हा विचार कागदावर चूक नव्हता. पण सचिनला खाली जायचं नव्हतं हे काही लपून राहिलं नाही. ऑकलंडला त्याने जागा मागितली होती, इथे त्याला जागा सांगितली गेली. १७ मार्चला बांगलादेशसमोर तो ७ वर गेला, संघ ४ बाद १५७ वरून ९ बाद १५९. २३ मार्चला श्रीलंकेसमोर शून्य. दहा दिवसांत घरी.

असो. आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचे सचिन आणि विनोद कांबळी यांची नाबाद ६६४ ची भागीदारी सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा पुढचा नंबर कुणाचा होता? अमोल मुजुमदार. तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसलेला. विकेट पडतच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅड बांधले, पुन्हा तेच. ७४८ वर डाव सोडला तेव्हा याने एकही चेंडू खेळलेला नव्हता. पुढे रणजी पदार्पणात २६०, तोही १९९३-९४ च्याच मोसमात, म्हणजे सचिन ऑकलंडला वर गेला त्याच. फर्स्ट क्लास कारकीर्दीत अकरा हजारांवर धावा, मुंबईचा कॅप्टन म्हणून रणजी करंडक. भारताकडून मात्र एकही मॅच नाही. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. विकेट पडलीच नाही म्हणा ना. बाभळीखाली बसलेल्या माझ्यासारख्याचा जीव या माणसापाशी अडकतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. आणि २०२५ च्या विश्वचषकात, घरच्या मैदानांवर, लागोपाठ तीन मॅच हरला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. ३३० करूनही हरलो, इंग्लंडसमोर तर चार धावांनी. पानटपरीवाले सगळे सिलेक्टर झाले. जेमिमा रॉड्रिग्जचे पाचव्या नंबरवर दोन भोपळे झाले होते. इंग्लंडविरुद्ध एक गोलंदाज वाढवायचा म्हणून तिला संघाबाहेर बसवलं. पुढच्या, न्यूझीलंडच्या मॅचला तिला परत घेतलं आणि पाठवलं कुठे, तर तिसऱ्या नंबरवर. जी पाचव्याला चालत नाही तिला आणखी वर! उलटं वाटतं, पण वाडेकरांच्या हिशेबाने अगदी सरळ आहे. चेंडू द्या की तिला. नाबाद ७६.

मग ३० ऑक्टोबर, नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीफायनल, समोर ३३८. आपल्याला कितव्या नंबरला जायचंय हे जेमिमाला माहीत नव्हतं, ती अंघोळीला गेली होती. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे कळलं ते मैदानात उतरण्याच्या पाच मिनिटं आधी, असं तिनेच नंतर सांगितलं. दुसऱ्याच ओव्हरला शफाली गेली. १३४ चेंडू, नाबाद १२७. कॅप्टन हरमनप्रीतच्या ८९. भारत ५ बाद ३४१.

शफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हती. ओपनर प्रतीका रावलचा घोटा बांगलादेशच्या मॅचमध्ये दुखावला म्हणून तिला बोलावलं. पुन्हा दुखापत, पुन्हा रिकामी जागा. सेमीफायनलला १० वर गेलेल्या शफालीला फायनललाही तिथेच ठेवलं आणि २ नोव्हेंबरला तिने ७८ चेंडूंत ८७ केल्या. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. कप हातात आल्यावर व्हीलचेअरवरून प्रतीका मैदानात आली, खांद्यावर तिरंगा. तिच्या त्या स्पर्धेत ३०८ धावा होत्या. पण पदकं संघातल्या पंधरा जणींसाठी, आणि पंधरातली तिची जागा आता शफालीची होती. प्रतीकाचं पदक नंतर आलं.