पारावरच्या गप्पा आणि १४१ फिती

‘मॅस्टोडॉन’सारख्या समाजमाध्यमांचं एक कौतुक नेहमी सांगितलं जातं: त्यांना एक मालक नाही. अनेक छोटे सर्व्हर एकमेकांना मजकूर पोचवतात. मालक नाही म्हणजे पाळत नाही, आणि पाळत नाही म्हणजे आपलं बोलणं आपल्यापुरतं, असं आपण धरून चालतो. हा समज मात्र जुना आहे.

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ‘यूजनेट’ची कल्पना सुचली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जायचा. मध्यवर्ती कचेरी नव्हतीच. माणसं मोकळेपणानं लिहायची, भांडायचीही. संगणकात जागा थोडी, म्हणून काही आठवड्यांत जुना मजकूर पुसला जायचा. पारावरच्या गप्पांसारखं, उठलं की संपलं!

पण संपलेलं नव्हतं. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर १९८१पासून हा मजकूर चुंबकीय फितींवर उतरवून ठेवत होते. दहा वर्षांत १४१ फिती भरल्या. यात चोरी नव्हती. मजकूर त्यांच्या संगणकावर रीतसर येतच होता. १९९५ साली ‘देजा न्यूज’नं असाच साठा करून त्यात शोध घेण्याची सोय दिली. ‘माझं लिखाण साठवू नका’ अशी खूण करता येई. पण ती पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. २००१ साली गूगलनं तो साठा विकत घेतला आणि त्याच वर्षी वीस वर्षांतले सुमारे ७० कोटी संदेश सर्वांसाठी खुले केले. कॉलेजात असताना लिहिलेलं चाळिशीत समोर आलं.

२०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनवरही आपण मजकूर पुसला, की इतर सर्व्हरना तसा निरोप जातो. तो पाळायचा की नाही, हे त्यांच्या हाती. दोघांपुरता पाठवलेला संदेशसुद्धा बंद लिफाफा नव्हे, पोस्टकार्ड. सर्व्हर चालवणाऱ्यानं मनात आणलं तर तो वाचू शकतो.

एक मालक असला तर त्याच्या दारात जाऊन जाब तरी विचारता येतो. इथे दारंच अनेक. यूजनेटवर लोकांना जो खासगीपणा वाटत होता, तो कुणी दिलेलं वचन नव्हतं. ती फक्त जागेची टंचाई होती. ती टंचाई आता उरलेली नाही, एवढं लिहिण्याआधी ध्यानात असू द्यावं.