तार कुठे तुटली?

भाद्रपदातली गोष्ट. गणपती दोन दिवसांवर आले होते. मुंबईचे चाकरमानी घरोघर उतरले होते. आमच्या तळीयेच्या घरीही धाकटा भाऊ मुलाबाळांसह आला होता. माजघरात मखराची धांदल, बाहेर पावसाची रिपरिप, आणि या साऱ्यावर ताण म्हणून ओटीवरून पुतण्याची आरोळी आली, ‘काका, इंटरनेट गेलं! आणि माझ्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे!’

राऊटर नावाची ती काळी डबी भिंतीवर मुकाट बसलेली होती. दिवे लागलेले होते, पण काम होत नव्हते. मग घरात जो तो वैद्य झाला. भाऊ म्हणाला, दोष कंपनीचा. भावजयीचे म्हणणे, घाटात दरड येऊन तार तुटली असणार. शेजारचे आबा छत्री मिटता मिटता म्हणाले, ‘गुरुजी, ह्यो सगळा मुंबयचाच घोळ.’ पुतण्याने तोवर टाचणी शोधून आणली होती. या डबीच्या पाठीला एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी खुपसून थोडा वेळ दाबून धरली, की यंत्र कोरे होते. जोडणीचे नाव, परवलीचा शब्द, सगळे पुसले जाते. मी त्याचा हात धरला.

आई तेवढी काही बोलली नाही. ती पायरीवर जाऊन बसली आणि तिने इतकेच विचारले, ‘फोन तरी लागतोय ना सगळ्यांचा?’ आमच्या गावात हा प्रश्न साधा नाही. तो का साधा नाही, ते पुढे येईलच.

पुतण्याला मी म्हटले, ‘बाबा रे, तार तुटली की ती कुठे तुटली हे आधी शोधायचे असते. ही विद्या तुझ्या डबीहून फार जुनी आहे.’ फॉर्मची वेळ संध्याकाळपर्यंत होती. तेव्हा त्याला जे तुटकपणे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर मांडतो.

निरोप जाणे आणि निरोप कळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या शेजारचा पोलादपूर तालुका. त्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७०च्या फेब्रुवारीत कोंढाणा सर झाला, तेव्हा मावळ्यांनी गडावरच्या पागेला आग लावली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे सभासदाच्या बखरीत आहे. केवढी ही तातडीची तार! पण त्या उजेडाने गड आल्याचे कळले. तानाजी पडल्याचे कळायला माणूसच यावा लागला. दिवा लागला म्हणजे सारे कळले असे नव्हे. डबीवरचे हिरवे दिवे पाहून ‘सगळे तर चालू आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एक दिवा फक्त वीज असल्याचे सांगतो, दुसरा घरातल्या घरात जोडणी असल्याचे; बाहेरच्या जगाशी गाठ पडली की नाही, हे सांगणारा दिवा निराळाच असतो.

पुढे विजेची तार आली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तारेचे पहिले प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली. १८५४ संपता संपता कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने बांधली गेली, आणि १८५५ पासून सामान्य माणसालाही पैसे भरून तार करता येऊ लागली. तार आली तशी तारेची दुखणीही आली. खांबांना वाळवी लागे, माकडे तारेला लोंबकळत, वादळात खांब आडवे होत. शेकडो मैलांच्या रानातून गेलेली तार. ती नेमकी कुठे तुटली, हे कचेरीत बसलेल्या तारमास्तराने कसे ओळखावे?

त्याची रीत मोठी सुंदर होती. तारमास्तर प्रथम आपल्याच टेबलावरची बॅटरी आणि यंत्र तपासी. ती ठीक असतील तर वाटेवरच्या मधल्या ठाण्याला हाक मारी. तिथून उत्तर आले तर अर्धी वाट निर्दोष, दोष पलीकडे. न आले तर दोष अलीकडे. मग उरलेल्या वाटेचे पुन्हा दोन भाग. शंभर मैलांचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस, असे करीत दोन खांबांपर्यंत येऊन पोहोचायचे. दुसरी रीत गणिताची. तार जितकी लांब तितका तिचा विजेला होणारा विरोध अधिक. ओमने विरोधाचा नियम १८२७ मध्ये मांडलाच होता. तुटलेली तार जमिनीला टेकली असेल, तर विरोध मोजायचा आणि मैलाच्या विरोधाने भागायचे. तारमास्तर खुर्चीवरून न उठता सांगे, ‘अमुक मैलाच्या आसपास माणूस धाडा.’

ही रीत सोडून जोर लावला की काय होते, त्याची कथा अटलांटिक महासागराच्या तळाशी आहे. १८५८च्या ऑगस्टमध्ये युरोप-अमेरिकेला जोडणारी पहिली समुद्रतार चालू झाली. निरोप क्षीण येऊ लागले. व्हाइटहाऊस नावाच्या विद्युत्तज्ज्ञाने त्यावर उपाय योजला तो सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब देण्याचा! आधीच दुबळी झालेली तार तीन-एक आठवड्यांत कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन सांगत होता की, जोर वाढवू नका, क्षीण निरोप ओळखणारे नाजूक यंत्र वापरा. त्याचे आरशाचे यंत्र तेच काम करी. अखेर १८६६ मध्ये टिकाऊ समुद्रतार पडली, आणि १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र आगबोटीने मुंबई ते एडन तार टाकून आपल्या मुंबईची गाठ विलायतेशी घालून दिली. टाचणी घेऊन डबीवर धावणारा आमचा पुतण्या हा व्हाइटहाऊसच्या पंथातला. हातचे जे शिल्लक आहे तेही पुसून टाकायचे, हा त्या पंथाचा उपाय!

इंटरनेटच्या जाळ्यातही जुनीच हाक नव्या रूपाने आली. १९८३च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थाने ‘पिंग’ नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणारे यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या आवाजावरून हे नाव. एका संगणकाने दुसऱ्याला ‘ओ’ द्यायला सांगायचे. आधी घरातल्या डबीला हाक मारावी. ती ओ देते का? मग बाहेरच्या एखाद्या क्रमांकाला. क्रमांक ओ देतो पण नावाने काही सापडत नाही, असे असेल तर वाट शाबूत आहे. नावावरून क्रमांक सांगणारी वही तेवढी हरवली आहे, असे समजावे. मधल्या ठाण्याला हाक मारणारा तारमास्तर तो हाच.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट लोकांना खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून किरकिरत येई. आता काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश येतो. तंतूतला दोष शोधायचे यंत्रही निराळे. ते प्रकाशाचा एक ठिपका आत सोडते आणि तुटलेल्या जागेवरून तो परत यायला किती वेळ लागला हे मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. ठिपका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परतला, तर तूट दहा किलोमीटरवर. मैलाच्या विरोधाने भागणारा तारमास्तर येथेही हजर आहेच.

एवढे पुराण झाल्यावर आम्ही उठलो. बटण बंद करून डबीला अर्धा मिनिट विश्रांती दिली. अडकलेले यंत्र कधी कधी तेवढ्यानेही सुटते. पुन्हा चालू केली. विजेचा दिवा हिरवा. मोबाईल डबीला जोडला गेला, डबीने हाकेला ओही दिली. म्हणजे घरातली वाट ठीक. मात्र एल. ओ. एस. या अक्षरांखालचा दिवा लाल होता. त्याचा अर्थ, संकेत हरवला. बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोहोचतच नाही. आता वाट उरली ती डबीपासून बाहेरच्या खांबापर्यंतची आणि तिथून पुढची. जवळचे आधी, म्हणून मी तंतूवर बोट ठेवून चालत निघालो. भिंत, खिडकी, कोपरा... आणि कोपऱ्यात उभे होते लाकडी कपाट. मखराला जागा हवी म्हणून भाऊ आणि पुतण्या या दोघांनीच सकाळी ते सरकवले होते! कपाटाच्या पायाशी तंतू दुमडून चेपला गेला होता. काचेचा तंतू असा मुडपला, की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. कपाट उचलले, तंतू अलगद मोकळा केला. नशीब की तो मोडला नव्हता. मिनिटभरात लाल दिवा विझला. ना कंपनीचा घोळ, ना घाटातली दरड, ना मुंबई! सारे हसले. पुतण्याने फॉर्म भरला.

आई पायरीवरून तेव्हा उठली.

२२ जुलै २०२१ या दिवशी आमच्या गावच्या एका वाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड शहर सावित्रीच्या पुरात होते. वीज नव्हती, फोन मुके झाले होते, रस्त्यांवर पाणी आणि दरडी. बचाव पथक पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. मुंबईला माझा भाऊ फोन लावीत होता आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हते. २००५च्या जुलैतही दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या आमच्याच तालुक्यातल्या गावांवर अशाच दरडी आल्या होत्या. मुक्या फोनचा अर्थ अशा वेळी काय लावावा? वीज गेली असेल, मनोरा बंद पडला असेल, किंवा बोलणारे माणूसच नसेल. पलीकडे मौन तेच असते. कारण मात्र कळत नाही. तुटले ते कुठे, हे शोधण्याची रीत म्हणून मला नुसती यंत्राची हौस वाटत नाही.

आणि काही वेळा तूट आपल्या हाताबाहेरची असते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतारा तुटल्या आणि हिंदुस्थानातले इंटरनेट मंदावले. तिथे आपण काय करणार? पण दुसऱ्या वाटा होत्या म्हणून ते अगदी थांबले नाही. गावालाही दुसरी वाट हवी. जुनी तार तर १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातून निरोप घेऊन गेली.

त्या रात्री मी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पहिल्या बाजूला वीज, दिवे, तंतू, विश्रांती, हाक असा क्रम. शेवटी ‘टाचणी लावू नये’. दुसऱ्या बाजूला पुतण्याने आपल्या अक्षरात लिहिले आहे: अतिवृष्टीत सगळेच फोन बंद झाले, तर कोणत्या वाडीवर कोणी चालत जायचे, आणि परत येऊन कोणाला सांगायचे. ती नावे आईने सांगितली.