बाळाचं मधलं नाव: आता एक नाही, दोन

ठाणे असो वा डोंबिवली, मराठी घरात मुलाचं मधलं नाव शोधत बसावं लागत नाही. ते वडिलांचंच असतं. म्हणजे प्रश्न उलटा आहे: त्याला शोभेल असं पहिलं नाव कोणतं?

त्यात आता आईचं नावही आलंय. राज्य मंत्रिमंडळाच्या ११ मार्च २०२४ च्या निर्णयानुसार, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री, ठाण्याचे एकनाथ शिंदे यांच्या मंत्रालयातल्या पाटीवरही 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे' झळकलं.

म्हणून बारशाआधी चारही शब्द मोठ्याने म्हणून बघा. आईचं नाव लता असेल तर 'नील लता' घाईत 'नीललता' ऐकू येतं. 'हर्षवर्धन ज्ञानेश्वरी चंद्रशेखर कुलकर्णी' भारदस्त खरं, पण फॉर्मच्या चौकटीत बसवताना घाम फुटेल. आई-बाबांची नावं लांब असतील तर 'ओम', 'वेद' बरे.

नाव ठरत नसेल तर घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव नंतर, १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क टाकता येतं. नोंद जन्म झाला तिथल्या महापालिकेत होते. घर डोंबिवलीत आणि प्रसूती ठाण्यात, तर ठाणे महापालिकेत.

आई-बाबांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग मात्र त्यांच्या आधारवर आहे तेच द्या. शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला लागणार आहे.