राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षकाची निवड : कूपरेजच्या मैदानातून दिल्लीच्या दालनात

भारताच्या पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षकपद १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांच्याकडे सोपविण्यात आले. पूर्ण वेळ नेमला गेलेला भारतीय प्रशिक्षक या पदावर १३ वर्षांनी आला. त्यापूर्वीचे भारतीय प्रशिक्षक गोव्याचे साविओ मेडेरा होते आणि त्यांची कारकीर्द २०१२ मध्येच संपली होती. मुंबईकरांच्या दृष्टीने या निवडीला आणखी एक पदर आहे. खालिद यांचा जन्म कुवेतचा (१९७७), परंतु खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून ते घडले ते मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी ही त्यांच्या वाटचालीतील तीन ठिकाणे, आणि आज या तिन्हींपैकी एकही संघ देशाच्या अव्वल स्पर्धेत नाही.

निवडीची रीत वरकरणी सोपी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अर्ज मागवितो, माजी खेळाडूंची तांत्रिक समिती त्यांची छाननी करून नावे सुचविते आणि अंतिम शिक्कामोर्तब कार्यकारी समिती करते. उमेदवाराकडे उच्च श्रेणीचा प्रशिक्षण परवाना असणे अपेक्षित असते. २०२५ मध्ये १७० अर्ज आले. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांतून तीन नावे पुढे ठेवली: यापूर्वी दोनदा हे पद सांभाळलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे माजी राष्ट्रीय प्रशिक्षक स्टेफान टार्कोविच आणि खालिद जमील. बार्सिलोनाचे शावी यांच्या नावाने आलेल्या अर्जाची चर्चा मध्यंतरी जगभर झाली. तो अर्ज खरा नसल्याचे महासंघाला नंतर जाहीर करावे लागले. ईमेलने आलेल्या अर्जाची शहानिशा होण्याआधीच त्याची बातमी व्हावी, यातून छाननीच्या शिस्तीविषयी जे कळायचे ते कळते.

परंतु निवडीचे खरे कारण शोधायचे तर मागील दोन वर्षांचा हिशेब पाहावा लागतो. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक २०१९ मध्ये आले. त्यांच्या कारकीर्दीत भारताने २०२१ आणि २०२३ ची सॅफ स्पर्धा जिंकली आणि जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वे स्थान गाठले. त्यानंतर घसरण लागली. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात तीनही सामने गमावताना संघाला एकही गोल करता आला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरविले आणि जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीतील आव्हान आटोपले. महासंघाने स्टिमॅक यांना काढून टाकले खरे, पण त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता. तडजोडीअंती त्यांना चार लाख डॉलर, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी रुपये द्यावे लागले. हा करार आदल्याच वर्षी वाढविण्यात आला होता. करार करतानाच तो मोडण्याच्या अटींकडे बारकाईने पाहिले असते, तर हा भुर्दंड टळला असता.

पुढची निवड काटकसरीची होती. स्पेनचे मानोलो मार्केझ यांना जुलै २०२४ मध्ये नेमताना त्यांनी पहिल्या हंगामात एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ असे दोन्ही संघ सांभाळावेत, असे ठरले. एका पायावर दोन होड्यांचा हा प्रवास फार टिकला नाही. आठ सामन्यांत एक विजय, चार बरोबरी आणि तीन पराभव अशी त्यांची कामगिरी राहिली. एकमेव विजय मालदीववर होता. १० जून २०२५ रोजी हाँगकाँगकडून ०-१ अशी हार झाल्यानंतर जुलैच्या आरंभी उभयपक्षी संमतीने ते मोकळे झाले. तोवर भारत क्रमवारीत १३३ व्या स्थानावर उतरला होता.

अशा वेळी परदेशी प्रशिक्षकाचे मानधन परवडणे आणि त्याला देशातील खेळाडूंची ओळख होण्यास वेळ देणे, या दोन्ही गोष्टी कठीण होत्या. खालिद यांना ओळखीची गरज नव्हती. जमशेदपूर एफसीला त्यांनी नुकतेच इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले होते आणि महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार लागोपाठ दोन वर्षे मिळविला होता.

त्यांच्या नावावरील सर्वांत मोठे यश मात्र २०१६-१७ च्या आय-लीगमधील आहे. मुंबई एफसीत सात हंगाम काढल्यानंतर २०१६ मध्ये त्यांना तेथून निघावे लागले. ते मिझोरममधील ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. खालिद यांनी जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे ओळखीचे खेळाडू सोबत नेले आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉलने विजेतेपद पटकाविले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी राहिला आणि पुढे बंदच पडला.

येथे सांताक्रूझचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पूर्वेला कालिना भागात एअर इंडियाची मोठी कर्मचारी वसाहत होती. विमान कंपनीत नोकरी आणि सायंकाळी फुटबॉल, या व्यवस्थेवर मुंबईतील खेळाडूंच्या पिढ्या जगल्या. महिंद्र आणि ओएनजीसी यांचेही तसेच. खेळणे थांबल्यावर याच संघांत सहायक, मग मुख्य प्रशिक्षक होण्याची वाट असे. एअर इंडियाला मार्गदर्शन करणारे संतोष कश्यप पुढे २०२४ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले, हे त्याचेच उदाहरण. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांवर आय-लीगमधून वगळण्यात आले. निकष आधुनिक होते यात शंका नाही, पण त्यांनी एक शिडी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. सुपर लीगमधील क्लब बहुतेक वेळा परदेशी प्रशिक्षकच नेमतात. नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामी म्हणून बसविलेल्या खालिद यांनी २०२०-२१ मध्ये संघाला बाद फेरीत नेले, तेव्हा असे करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. स्पर्धा सुरू होऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती.

देशी की परदेशी, हा वाद मुळात जुना. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदके जिंकली, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मुंबईचे. रहीम १९६३ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचे हॅरी राइट यांच्या मार्गदर्शनाखाली भारत आशिया चषकात उपविजेता ठरला. त्यामुळे जन्मस्थानावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. इंग्लंडच्याच बॉब हॉटन यांना २००६ ते २०११ अशी पाच वर्षे मिळाली आणि त्यांनी २०११ च्या आशिया चषकाचे दार उघडले. याउलट डेम्पोला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे गोव्याचे आर्मांदो कुलासो यांना २०११ मध्ये हंगामी नेमणूक मिळाली आणि काही महिन्यांत ती संपली. मेडेरा यांनी त्याच वर्षाअखेर सॅफ स्पर्धा जिंकली, तरी काठमांडूतील एएफसी चॅलेंज चषकात तीनही सामने हरताच त्यांचे दिवस भरले. परदेशी प्रशिक्षकाला वर्षे आणि देशी प्रशिक्षकाला सामने मोजून द्यायचे, ही महासंघाची जुनी सवय दिसते.

खालिद यांच्याशी दोन वर्षांचा करार झाला. आरंभ चांगला होता. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मधील मध्य आशियाई काफा नेशन्स चषकात मोहन बागानने खेळाडू सोडले नसतानाही भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरविले आणि ओमानवर पेनल्टी शूटआऊटमध्ये मात करून तिसरे स्थान घेतले. पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरने फातोर्ड्याच्या मैदानात १-२ अशी हार दिली आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने ०-१ असे हरविले. बांगलादेशकडून भारताचा तो २२ वर्षांतील पहिला पराभव होता. ज्या पात्रता फेरीत हे घडले, तिची सुरुवात मानोलो यांच्या काळात घरच्या मैदानावरील गोलशून्य बरोबरीने आणि हाँगकाँगमधील पराभवाने झाली होती. खालिद यांच्या वाट्याला फेरी आली ती निम्मी हरलेली, आणि २०२५-२६ ची सुपर लीग लांबणीवर पडल्याने खेळाडूही सामन्यांच्या सरावाविना.