वैमानिकांची शारीरिक पात्रता व औषधे

वैमानिकांची शारीरिक पात्रता व औषधे : विमान चालविण्यास वैमानिक योग्य आहे की नाही हे ठरविताना त्याच्या आजाराइतकाच त्यावरील औषधाच्या अनिष्ट परिणामांचाही विचार करावा लागतो. हा विचार वैमानिकीय वैद्यकात टप्प्याटप्प्याने रूढ झाला.

जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला व १९३२ मध्ये त्यांनी कराची–मुंबई हवाई टपालसेवा सुरू केली. त्या काळी वैमानिकांच्या तपासणीचा मुख्य भर दृष्टी, श्रवण, हृदय व शरीराचा समतोल यांवर असे. दुसऱ्या महायुद्धात थकवा घालविण्यासाठी ब्रिटिश वैमानिकांनी बेंझेड्रीन, तर जर्मनांनी पर्व्हिटिन ही उत्तेजके वापरली. त्यांचा अंमल उतरल्यावर येणारी ग्लानी व जडणारी सवय यांमुळे औषधांचा धोका प्रकर्षाने लक्षात आला. १९४६ मध्ये सर्दी व वावडे (ॲलर्जी) यांवर डायफेनहायड्रामीन हे हिस्टामीनरोधी औषध बाजारात आले. ते मेंदूपर्यंत पोहोचून गुंगी आणते. त्यामुळे साधी सर्दीही वैमानिकाच्या दृष्टीने दुहेरी अडचण ठरते : औषध न घ्यावे, तर चोंदलेल्या नळीमुळे विमान उतरताना कानाच्या पडद्यावर ताण येतो, घ्यावे, तर सावधानता मंदावते. उंचीवरील विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडल्यास गुंगीचा परिणाम अधिकच जाणवतो.

सावधानतेचे महत्त्व मुंबईजवळच्या एका अपघातावरून स्पष्ट होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दर्शविणारे एक उपकरण बिघडल्याने कप्तानाची दिशाभूल झाली, असे चौकशीत आढळले. क्षितिज दिसत नसताना असा भ्रम पूर्ण निरोगी वैमानिकासही होऊ शकतो. दुसऱ्या उपकरणाशी तत्काळ पडताळा घेणे हाच त्यावर उपाय असून नेमकी हीच क्षमता गुंगीच्या औषधांनी घटते.

शिकागो करारास (१९४४) अनुसरून १९४८ मध्ये परवान्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय निकष संमत झाले. भारतीय हवाई दलाने १९५७ मध्ये बंगलोर येथे वैमानिकीय वैद्यकाची संस्था स्थापन केली. भारताच्या विमान नियमांनुसार (१९३७) मद्य वा गुंगी आणणारे औषध घेऊन उड्डाण करण्यास मनाई करण्यात आली. ३१ जानेवारी २०२२ पासून मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसाठी विमान कर्मचाऱ्यांची अचानक तपासणीही सुरू झाली.

मात्र केवळ मनाईने प्रश्न सुटत नाही. मेंदूत फारसे न शिरणारी फेक्सोफेनाडीनसारखी औषधे उपलब्ध झाल्यावर काही निर्बंध सैल करता आले. अमेरिकेने २०१० मध्ये विषादावरील चार औषधे घेणाऱ्या वैमानिकांना देखरेखीच्या अटीवर उड्डाणाची मुभा दिली. २४ मार्च २०१५ रोजी फ्रान्समध्ये जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर डोंगरावर आदळविले. त्यात १५० जण मृत्युमुखी पडले. आपला मानसिक आजार त्याने कंपनीपासून लपविला होता. परवाना व उपजीविका गमावण्याची भीती अशा लपवाछपवीस कारण होते, याकडे चौकशीत लक्ष वेधण्यात आले. वैमानिकाने घेतलेले प्रत्येक औषध वैद्यकास निर्भयपणे सांगावे, यासाठी नियमांची कडक अंमलबजावणी व उपचारानंतर कामावर परतण्याची हमी या दोहोंची सारखीच गरज असते.