'च'चा प्रवास : पैठणपासून गुलमंडीपर्यंत

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट आम्हांस दरवर्षी खटकते. 'ही कादंबरी निश्चितच अत्यंत महत्त्वाची आहे', 'या कवितेचे स्थान निःसंशयपणे नितांत वेगळे आहे', अशी वाक्ये पानोपानी आढळतात. विधानाला आधार नसला की विद्यार्थी क्रियाविशेषणांचा आधार घेतो. इंग्रजीच्या अभ्यासपुस्तकांत 'व्हेरी', 'इन्डीड', 'सर्टन्ली' या शब्दांना पर्याय सुचविणारे तक्ते असतात. तशाच तक्त्यातून उचलल्यासारखे 'अत्यंत', 'नितांत', 'निश्चितपणे' हे शब्द एकामागून एक येतात. या निमित्ताने मराठीची स्वतःची जोर देण्याची रीत कोणती आणि तिचा इतिहास काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. तो आमच्या शहराच्या आणि परिसराच्या संदर्भात करणे सोयीचे आहे, कारण या इतिहासाचे दोन महत्त्वाचे टप्पे याच भूमीत आहेत.

इंग्रजी वाक्यात जोर द्यावयाचा तर स्वराघात तरी हवा किंवा स्वतंत्र क्रियाविशेषण तरी. मराठीला एक अक्षर पुरते. 'आम्ही काल पैठणला गेलो' हे साधे वाक्य घ्यावे. 'आम्हीच' म्हटले की इतरांना वगळले जाते, 'कालच' म्हटले की इतर दिवस बाद होतात, 'पैठणलाच' म्हटले की अन्य गावे उरत नाहीत आणि 'गेलोच' म्हटले की कोणाचा तरी संशय खोडून काढल्यासारखे होते. व्याकरणकार या 'च'ला शुद्ध शब्दयोगी अव्ययांत गणतात. तो ज्या शब्दाला लागतो त्याचे सामान्यरूप होत नाही. शब्दाला धक्का न लावता अर्थाचा निर्धार करणे हे त्याचे कार्य आहे.

'केवळ', 'फक्त' आणि 'च' हे समानार्थी मानले जातात. तथापि त्यांची कुळे निराळी आहेत. 'केवळ' संस्कृतातून आला. 'फक्त' अरबीतून फारसीमार्गे आला. फारसी-उर्दू पत्रव्यवहारात मजकूर संपला हे दाखविण्यासाठी तो शेवटी लिहीत असत. कागद बंद करणारा हा शब्द मराठीत मर्यादा घालणारा झाला. 'बिलकुल' आणि 'जरूर' यांचे मूळही अरबीच आहे. मात्र 'च' यांच्याहून जुना आहे आणि तो कोठून उसना आणलेला नाही.

त्याचा माग काढीत गेले की आपण महाराष्ट्री प्राकृतापर्यंत पोहोचतो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. हाल सातवाहनाच्या नावाशी जोडलेल्या 'गाथासप्तशती'त 'च्चिअ', 'च्चेअ' ही निर्धारवाचक रूपे आढळतात. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'चेअ', 'चिअ', 'च्च' यांची नोंद अवधारणाच्या अर्थी केली आहे. संस्कृत 'चैव'शी त्यांचे नाते सामान्यतः जोडले जाते. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांत याचेच 'चि' हे रूप सर्वत्र दिसते. पुढे त्यातील इकार गळाला आणि आजचा 'च' उरला. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा 'गाथासप्तशती'च्या प्राचीनतेचा उल्लेख पुष्कळ झाला. त्या ग्रंथापासून आजच्या बोलण्यापर्यंत अखंड चालत आलेल्या या इवल्या अव्ययाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

दुसरा टप्पा अधिक विचार करावयास लावणारा आहे. गुलमंडीवर किंवा शहागंजमध्ये घटकाभर उभे राहिले तर 'मैंइच बोला', 'कलइच आया', 'ऐसाइच है' अशी वाक्ये कानी पडतात. ही दखनी. उत्तरेच्या हिंदी-उर्दूत या ठिकाणी 'ही' येईल. तो 'ही' दखनी भाषकांना अपरिचित नव्हता; तरी त्यांनी शेजारच्या मराठीतून 'च' घेतला. मराठीत 'ही'चा अर्थ नेमका उलट आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. हिंदीतील 'राम ही आया' म्हणजे राम आला, दुसरा कोणी नाही. मराठीतील 'रामही आला' म्हणजे इतरांसोबत रामसुद्धा आला. दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदत असताना असा 'ही' घोटाळा करणार. 'च' आला की घोटाळ्यास जागा राहत नाही. त्याच्या स्वीकाराला याचे साह्य झाले असावे, असे आम्हांस वाटते.

हा 'च' अशिक्षितांची बोली म्हणून हिणवला जातो; पण तो जुन्या ग्रंथांतही आहे. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ साली लिहिलेल्या 'सबरस' या गद्यग्रंथात तो आढळतो. पुढे मुघलांच्या मुक्कामामुळे औरंगाबादेत उत्तरेकडील माणसांची मोठी वस्ती झाली आणि येथील लेखनाची भाषा दिल्लीच्या वळणाला अधिक जवळ गेली. सिराज औरंगाबादीच्या गझलांत ते वळण दिसते. लेखणीने 'च' टाकला, जिभेने तो टाकला नाही. योगायोग असा, की 'सबरस' मौलवी अब्दुल हक यांनी संपादित करून १९३२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मुख्यालय याच शहरात होते.

भाषासंपर्काचा विषय निघाला की आपण फारसीने मराठीला काय दिले याच्याच याद्या करतो. त्या याद्यांत नामे अधिक : दफ्तर, वकील, जमीन, बाजार. नामे वस्तूबरोबर, कायद्याबरोबर, अंमलदाराबरोबर येतात; त्यांच्यासाठी परस्परांशी फार बोलावे लागत नाही. जोर देण्याची रीत तशी येत नाही. ती भांडताना, भाव करताना, समजूत घालताना, शपथ घेताना ऐकू येते आणि नकळत अंगवळणी पडते. मराठीने 'बिलकुल' घेतला आणि दखनीने 'च' व 'नको' घेतले, यावरून येथील माणसे एकमेकांशी केवळ व्यवहारापुरती बोलत नव्हती, असे अनुमान काढावयास हरकत नसावी.

१९२० नंतरच्या दशकांत भाषाशुद्धीची चळवळ झाली. १९२५ साली 'फार्सी-मराठी कोश' रचणारे माधव जूलियनच पुढे तिचे पुरस्कर्ते झाले. त्या चळवळीने 'दिनांक', 'महापौर' असे चांगले शब्द मराठीत रुजविले. तरीही 'फक्त', 'जरूर', 'बिलकुल' जागचे हलले नाहीत. पदनामे आणि गावांची नावे ठरावाने बदलता येतात. २०२३ साली आमच्या शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. जोर देण्याच्या सवयी मात्र ठरावाने येत नाहीत आणि जातही नाहीत. शहरात नावावरून वाद चालला होता तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे आपला मुद्दा मांडताना 'हेच' आणि 'यहीच' म्हणत होती. दोहोंतील 'च' एकच होता, हे कोणाच्या लक्षात आल्याचे दिसले नाही.

वर्गात आता आम्ही एक लहानसा स्वाध्याय देतो. विद्यार्थ्यांनी आपल्याच निबंधातील 'अत्यंत', 'नितांत', 'निश्चितपणे' हे शब्द खोडावेत आणि विधान उभे राहते का ते पाहावे. उभे राहिले नाही, तर पुरावा शोधावा. राहिले, आणि तरीही जोर हवासा वाटला, तर योग्य त्या एकाच शब्दाला एक 'च' लावावा. बहुतेकांना तो कोणत्या शब्दाला लावावा हे ठरविताना प्रथमच कळते, की आपणास नेमके काय म्हणावयाचे होते.