चेरी क्रीकच्या काठाने

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा सायकलवर बसले. लेक म्हणाली, "आई, पडलीस तर?" मी म्हटलं, "पडले तर उठेन." एकतीस वर्षं मी पुण्यात सायकलवरून शाळेत गेले. पावसाळ्यात साडीचा पदर कमरेला खोचून, वह्यांचा गठ्ठा कॅरियरला बांधून. तेव्हाचं पुणं सायकलींचंच होतं, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र सायकल भंगारवाल्याला गेली आणि तिच्याबरोबर ती हौसही गेली, असं मी धरून चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे डेन्व्हरला गेले. अमेरिकेतलं कोलोराडो राज्य, त्याची ही राजधानी. शहराची उंची समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५,२८० फूट. पहिले आठ दिवस जिना चढतानासुद्धा धाप लागे. मग नातवाने गॅरेजमधून त्याच्या आईची जुनी सायकल काढली, सीट खाली केली, डोक्यावर हेल्मेट चढवलं (हा प्रकार आमच्या वेळी नव्हता) आणि म्हणाला, "आजी, चल. आपली वाट उताराची आहे." नातू दहा वर्षांचा. परत येताना तीच वाट चढाची होते, हे त्याने सांगितलं नाही!

चेरी क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्या काठाने ही वाट जाते. काठाने म्हणजे वरून नव्हे हं. ओढा शहराच्या मध्यवस्तीतून रस्त्यांच्या पातळीच्या बराच खालून वाहतो. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या उंच भिंती, त्यांच्या पायथ्याशी सिमेंटची सपाट वाट आणि मधून पाणी. वर मोटारींची गर्दी, उंच इमारती, बँका. आणि खाली तुम्ही, ओढा, बदकं आणि सायकलवाले. एकेका रस्त्याच्या पुलाखालून जाताना क्षणभर गार वाटतं. पुलांच्या आडोशाला काही बेघर माणसंही दिसली. ती या शहराची दुसरी बाजू.

पाणी किती? घोट्याएवढं. फार तर गुडघ्याएवढं. मला राहून राहून नवल वाटलं, की एवढ्याशा पाण्याला एवढ्या उंच भिंती कशाला? इतिहासाच्या शिक्षिकेला असा प्रश्न पडला की तिची झोप उडते. लेकीच्या गावच्या ग्रंथालयात तीन दिवस बसले.

आपण वाटेच्या शेवटापासून सुरुवात करू. चेरी क्रीक जिथे साऊथ प्लॅट नदीला मिळतो तो संगम. तिथे आज कॉन्फ्लुएन्स पार्क नावाची बाग आहे. कॉन्फ्लुएन्स म्हणजे संगमच, तेव्हा आम्हा पुणेकरांना हे नाव परकं वाटू नये. या जागी अरापाहो लोक हिवाळ्यात तळ टाकत. १८५१च्या तहाने अमेरिकन सरकारने हा सारा मुलूख अरापाहो आणि शायान या जमातींचा म्हणून मान्य केला होता. सात वर्षांनी, १८५८मध्ये, साऊथ प्लॅटच्या वाळूत थोडंसं सोनं सापडलं आणि तहाचा कागद कागदच राहिला. ओढ्याच्या पश्चिमेला ऑरारिया नावाचं गाव वसलं. त्याच नोव्हेंबरात लॅरिमर नावाचे गृहस्थ आले. त्यांनी पूर्वेची बाजू दुसऱ्याच एका मंडळींनी आधी आखून ठेवली होती ती धाकदपटशाने घेतली, आणि कान्सासचे गव्हर्नर जेम्स डेन्व्हर खूश व्हावेत म्हणून गावाला त्यांचं नाव दिलं. गंमत अशी की डेन्व्हरसाहेबांनी तोवर राजीनामा दिलेला होता. बातमी पोहोचायला उशीर झाला, नाव मात्र कायम झालं.

आता दोन गावं आणि मध्ये ओढा. दोघांत भांडणं. १८५९मध्ये विल्यम बायर्स यांनी तिथे 'रॉकी माउंटन न्यूज' हे वर्तमानपत्र काढलं. कचेरी बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी युक्ती केली. कुठल्याही एका गावात बांधली तर दुसरं रुसणार, म्हणून त्यांनी ती बांधली चक्क ओढ्याच्या पात्रात, खांबांवर. पात्र तर कोरडंच होतं! नगरपालिकेचं सभागृहही तसंच पात्रात. अरापाहो लोकांनी या नवख्यांना बजावलं होतं म्हणतात, की इथे पाणी येतं, इथे घरं बांधू नका. पण ज्यांची जमीन घ्यायची त्यांचा सल्ला कोण घेतो?

१९ मे १८६४च्या रात्री पाणी आलं. वर्तमानपत्राची कचेरी, छापखान्याचं यंत्र, सभागृह, सगळं गेलं. वीसच्या आसपास माणसं गेली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २९ तारखेला, इथून दूर पूर्वेला सँड क्रीकच्या काठी, कोलोराडोच्या सैनिकांनी शायान आणि अरापाहो यांच्या तळावर हल्ला करून सुमारे २३० माणसं मारली. त्यांत बायका, मुलं, म्हातारेच जास्त होते. पुराची सूचना देणारे लोक सहा महिन्यांत असे संपवले गेले. आज संगमाजवळच्या एका रस्त्याला लिटल रेव्हन या अरापाहो प्रमुखाचं नाव आहे. नातवाने ती पाटी मला वाचून दाखवली. वर्तमानपत्र मात्र पुरातून उठलं आणि २००९पर्यंत चाललं. दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी पडले.

भिंतींचं श्रेय जातं रॉबर्ट स्पीअर या महापौरांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ओढ्याला भिंतींत बसवलं आणि दोन्ही काठांनी झाडांचा प्रशस्त रस्ता केला. लोक ओढ्यात कचरा टाकत असत, तिथे शहराची शान झाली. पण भिंतींचा कस लागायचा होता.

शहरापासून तीस-पस्तीस मैल वर, फ्रँकटाऊनजवळ, १८९०मध्ये कॅसलवुड नावाचं दगडी धरण बांधलं होतं. शेतीसाठी. पहिल्यापासून गळकं. बांधणारे म्हणत, काही होत नाही. त्रेचाळीस वर्षं खरंच काही झालं नाही. ३ ऑगस्ट १९३३ला, मध्यरात्र उलटल्यावर, मोठ्या पावसात ते फुटलं. धरणाच्या राखणदाराने फोन गाठण्यासाठी त्या पावसात बारा मैल गाडी हाकली. आणि नेटी ड्रिस्किल नावाच्या एका टेलिफोन ऑपरेटर बाईने ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना एकामागून एक फोन लावले. उठा, धरण फुटलं, वर जा. सकाळी पाणी डेन्व्हरमध्ये शिरलं. पूल गेले, रस्ते बुडाले, बाजारपेठेत चिखल झाला. माणसं किती गेली? दोन.

दोन हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचवेना.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी दहा वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूच्या एका वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पानशेतचं धरण पुरतं बांधूनही झालं नव्हतं. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. त्या सकाळी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही टिकलं नाही. हे सगळं आज पाठ आहे. तेव्हा वाड्यात फक्त कुजबुज होती. कुणी म्हणे धरणाला तडा गेलाय, कुणी म्हणे अफवा आहे, अफवा पसरवणाऱ्याला धरून नेतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीतले कारकून. वाड्यात त्यांच्या शब्दाला मान, कारण ते रोज वर्तमानपत्र वाचत. दिंडी दरवाजाशेजारच्या खोलीत माई राहायच्या, एकट्या, पापड-कुरडया करून विकायच्या. त्यांनी बोचकं बांधलं होतं. दारात उभ्या राहून त्यांनी अण्णांना विचारलं, "जाऊ का हो भाचीकडे?" अण्णा सायकल पुसत होते. म्हणाले, "माई, एवढे इंजिनियर आहेत तिथे. काही होत नाही. स्वयंपाक करा निवांत." हे मी ऐकलंय. माझ्या कानांनी.

मग आरडाओरडा झाला, पाणी आलं, पाणी आलं. आईने धाकट्याला काखोटीला मारलं, माझा दंड धरला आणि आम्ही पेठेतून वर धावत सुटलो. अण्णांनी सायकल उचलून खांद्यावर घेतली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चार-पाच दिवसांनी परत आलो तेव्हा वाड्याची एक भिंत उभी होती. दिंडी दरवाजाकडची बाजू नव्हती. माई सापडल्या नाहीत.

आमची रवानगी गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये झाली. पत्र्याची अर्धगोल घरं, पूरग्रस्तांसाठी बांधलेली. उन्हाळ्यात भट्टी. अण्णा तिथून रोज सायकलने कचेरीला जात, पण नदीकाठचा रस्ता त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. माईंचं नाव घरात निघालं नाही. अण्णा गेले १९८९मध्ये. आणि मी? सातवी-आठवीला सनावळ्या घोकून घेतल्या, पानिपतात किती पडले ते मुलांना विचारलं, पण बारा जुलैवर वर्गात एक शब्द बोलले नाही. पाठ्यपुस्तकात नव्हता, हे कारण पुरेसं होतं.

असो. डेन्व्हरकडे वळते, नाहीतर नातू पुढे निघून जाईल.

१९३३नंतर सैन्याच्या अभियंत्यांनी चेरी क्रीकवर नवं मातीचं धरण बांधलं, ते १९५०मध्ये पुरं झालं. त्याने ओढा बांधला गेला, पण नदी मोकळी होती. १६ जून १९६५ला साऊथ प्लॅटला पूर आला. वीसहून अधिक माणसं गेली, पूल मोडले, नदीकाठचे कारखाने आणि गोदामं वाहून गेली. चेरी क्रीकच्या धरणाने आपल्या वाटचं पाणी त्या दिवशी अडवून धरलं, हे लिहायलाच हवं. धरणं फुटतात तशी राखतातही. पुढे नदीवरही चॅटफील्ड धरण झालं.

मला रस वाटला तो यापुढच्या गोष्टीत. तेव्हा साऊथ प्लॅट म्हणजे गटार होती. मोडक्या मोटारी, सांडपाणी, कचऱ्याचे ढीग. १९७४मध्ये महापौर बिल मॅकनिकल्स यांनी नदी सुधारायला समिती नेमली आणि तिची सूत्रं दिली जो शूमेकर यांना. शूमेकर राज्याच्या सिनेटमधले, आणि विरोधी पक्षाचे! आपल्याकडे हे ऐकून लोक हसतील. शूमेकर यांनी संगमापासून काम सुरू केलं. पहिली बाग १९७५मध्ये. मग काठाने सायकलची वाट, एकेक तुकडा जोडत. पुराने मोकळ्या केलेल्या जागेत पुन्हा इमारती न उभारता वाट आणि गवत ठेवलं, कारण पुन्हा पाणी आलंच तर गवताचं काय जायचंय? बागेशेजारी ट्रामच्या विजेचं १९०१मधलं लाल विटांचं पॉवरहाऊस आहे, त्यात आता खेळाच्या सामानाचं दुकान आहे. समोर पाण्याच्या उतारावर पोरं छोट्या होड्या घेऊन उड्या मारतात.

सगळंच गोड आहे असं समजू नका. त्याच सुमारास ओढ्यापलीकडच्या जुन्या ऑरारियातली मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती उठवली गेली आणि तिथे कॉलेजांची मोठी वास्तू झाली. पुरानंतरची 'सुधारणा' म्हणजे कुणाचं तरी बोचकं बांधणं, हे मला निसेन हटमध्ये राहिल्यामुळे लवकर कळतं. आमच्या मुठेच्या पात्रात तर आम्ही मोटारींचा रस्ताच केला. धरणातून पाणी सोडलं की तो बुडतो, भिडे पूल बुडतो, आणि आम्ही कठड्याशी उभे राहून मोबाइलवर फोटो काढतो.

नातवाबरोबर मी त्या वाटेवर महिनाभर गेले. कधी दोन मैल, एकदा धीर करून सहा. तिथला नियम असा की आभाळ भरून आलं की वाट सोडायची. एका दुपारी डोंगरांवर काळं दाटलं आणि नातू आपणहून थांबला. "आजी, वर." आम्ही उतारावरून सायकली ढकलत रस्त्यावर आलो. अर्ध्या तासात खालची वाट पाण्याखाली! तपकिरी पाणी भिंतींना घासत चाललं होतं. वास ओळखीचा होता. नातवाने विचारलं, "तू कधी पूर पाहिलायस?" मी त्याला माईंबद्दल सांगितलं. अण्णा काय म्हणाले तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते एका दहा वर्षांच्या मुलाला, मोडक्या इंग्रजी-मराठीत, सायकलच्या दांडीला टेकून. तो जरा वेळाने म्हणाला, "पण त्यांना माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, "नव्हतं."

निघायच्या आधी जावई आम्हाला कॅसलवुडला घेऊन गेले. तिथे आता सरकारी उद्यान आहे. धरणाची मोडकी भिंत तशीच ठेवली आहे, मधोमध भलंथोरलं खिंडार, त्यातून तोच ओढा बोटभर वाहतो. घडीव दगड पायऱ्यांसारखे रचलेले. एका दगडावर बसून मी पुण्याला भावाला फोन लावला. त्याच्याकडे रात्र झाली होती. म्हटलं, वाड्यातल्या माईंचं आडनाव काय रे?

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मी तर दोन वर्षांचा होतो गं. जोशी होत्या का?"

"जोशी समोरचे," मी म्हटलं.